बालवाचनाची शिफारस : अनुवादसुलभतेचा अलक्षित निकष

मुलांनी कोणती पुस्तके वाचावीत, हा प्रश्न सामान्यतः शिक्षणशास्त्राचा मानला जातो. तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने मात्र त्याचे स्वरूप निराळे आहे. बालसाहित्यात निवड करणारा प्रौढ आणि वाचणारे मूल हे दोन वेगळे वाचक असतात, आणि पुस्तक मुलाच्या हाती पडण्यापूर्वी त्याला प्रौढाच्या पसंतीतून जावे लागते. त्यामुळे शिफारस हीदेखील ग्रहणाचीच एक प्रक्रिया ठरते. तिचे नियम तपासले असता एक निकष वारंवार आढळतो, जो क्वचितच उघडपणे मांडला जातो : जी कृती भाषांतरातून सहज जाते, तीच 'चांगली' म्हणून पुढे येते.

मराठी मुद्रित बालवाङ्मयाचा प्रारंभच अनुवादाने झाला, आणि तोही महाराष्ट्राबाहेर. तंजावरच्या सरफोजीराजांच्या आश्रयाने सख्खन पंडितांनी 1806 मध्ये इसापच्या कथा 'बालबोध मुक्तावली' या नावाने मराठीत आणल्या. पुढे मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' 1828 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे मूळ बेर्कँ या फ्रेंच लेखकाचे असून ते मराठीत इंग्रजीमार्गे पोहोचले. (भा. रा. भागवतांनी पुढे चालवलेल्या मासिकाचे नावही 'बालमित्र' असावे, हा योगायोग सूचक आहे.) बोधकथेचा प्रवास सोपा असतो, कारण तिचे सार घटनेत आणि तात्पर्यात साठवलेले असते. पंचतंत्र पहलवी व अरबी भाषांतून युरोपात गेले ते याच बळावर. परंतु जे सहज प्रवास करते तेच मुलांना हितकर, असे यावरून सिद्ध होत नाही. दीडशे-दोनशे वर्षे तसे गृहीत मात्र धरले गेले.

याच्या दुसऱ्या टोकाला सुकुमार राय यांचा 'आबोल ताबोल' हा 1923 मधील बंगाली संग्रह आहे. बंगाली घरांत तो आजही पाठ असतो, इतर भारतीय भाषांतील बालवाचनाच्या याद्यांत मात्र त्याला क्वचितच स्थान मिळते. याचे कारण भाषिक घडणीत शोधावे लागते. रायांनी त्यात प्राण्यांची कलमे केली आहेत. 'हाँस' म्हणजे बदक आणि 'सजारु' म्हणजे साळिंदर, यांच्या संयोगातून 'हाँसजारु' तयार होतो. दोन्ही शब्दांना समान असलेला 'स' हाच तेथे सांधा आहे. मराठीत बदक आणि साळिंदर यांच्यात असा ध्वनी नाही, त्यामुळे प्राणी चित्रात जुळतो आणि शब्दात तुटतो. 'हाती' आणि 'तिमि' यांचा 'हातिमि' मराठीत अर्धाच उतरतो, कारण हत्ती परिचित असला तरी तिमीला मराठी मूल देवमासा म्हणते. याउलट 'बक' आणि 'कच्छप' यांपासून झालेला 'बकच्छप' जसाच्या तसा मराठीत येऊ शकतो. तत्सम शब्दसाठा दोन्ही भाषांना सामाईक असल्याने सांध्यातला 'क' येथे शाबूत राहतो. अर्थात कच्छप हा शब्द बालवर्गातील मुलाला समजावून सांगावा लागेल, आणि समजावलेला विनोद निम्मा होतो, ही अडचण उरतेच. एकाच कवितेतील तीन शब्दांचे भवितव्य तीन प्रकारचे व्हावे, हे भारतीय भाषांच्या परस्परसंबंधांवर पुष्कळ प्रकाश टाकणारे आहे.

मराठीत हे स्थान विंदा करंदीकरांच्या 'एटू लोकांचा देश' (1963) या संग्रहाकडे जाते. तेथेही आनंद नादात व तर्काच्या उलटापालटीत आहे, तात्पर्यात नाही. तरीही मराठी बालवाचनाची प्रातिनिधिक कृती म्हणून परभाषकांसमोर बहुधा 'श्यामची आई' (1935) ठेवली जाते. त्या ग्रंथाची थोरवी निर्विवाद आहे. परंतु त्याची निवेदनरचना पाहता, मोठा झालेला श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्र आठवणी सांगतो आहे. ते मुलाविषयीचे पुस्तक आहे. मुलाला उद्देशूनच आहे, असे तितक्या निःशंकपणे म्हणता येत नाही. प्रौढ शिफारसकर्त्याला ते इतके जवळचे का वाटते, याचे एक उत्तर या रचनेत असावे.

बहुभाषिक प्रकाशनव्यवस्थेनेही हा कल दृढ केला. 1957 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय या मालेत एकच चित्रकथा अनेक भारतीय भाषांत निघते. चित्रे तीच राहतात आणि मजकूर बदलतो. स्वस्त व सुबक पुस्तके सर्वदूर पोहोचवण्याचे हे कार्य मोलाचेच आहे. तथापि अशा साच्यात शब्दखेळाला जागा उरणे कठीण असते.

याचा परिणाम सर्वाधिक जाणवतो तो दिल्ली, इंदूर, वडोदरा येथील मराठी घरांत. तेथील बरीच मुले घरी मराठी बोलतात, देवनागरी मात्र हिंदीच्या किंवा संस्कृतच्या तासाला शिकतात. त्यांच्यासाठी केलेल्या यादीत इसाप, पंचतंत्र आणि थोरांची चरित्रे असतील, तर तीच पुस्तके त्यांना हिंदीत अधिक सहज मिळतात, आणि मराठीत वाचण्याचे प्रयोजनच उरत नाही. जे केवळ मराठीतच घडू शकते, म्हणजे यमकांची उडी, बोलीचा ठसका, फास्टर फेणेच्या तोंडचा 'ट्टॉक्', ते अशा यादीतून प्रथम गळते. या मुलांचे वाचन मंद असते, कान मात्र तयार असतो. म्हणून त्यांच्याकरिता यादी करताना पुस्तकाच्या नावापुढे वयोगटाबरोबर ते घरात कोणी मोठ्याने वाचून दाखवावयाचे आहे काय, याचीही नोंद असणे अगत्याचे ठरते.