पुरुषांचा व्हायब्रेटर: खेळणं की औषध?

विषय ऐकून कुणी मोबाईल पालथा ठेवेल. ठेवू देत.

खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात एका जवानाने मला हळूच विचारलं होतं, "साहेब, मला मूल होईल का?" मी म्हणालो, "देव बघेल." त्या उत्तराची आजही लाज वाटते.

कारण उत्तर होतं. शिश्नाच्या टोकाला कंपन दिलं, की मेंदूचा निरोप न पोचताही मज्जारज्जूच्या खालच्या भागातली प्रतिक्षिप्त क्रिया जागी होते आणि वीर्य मिळू शकतं. इजा छातीच्या दहाव्या मणक्याच्या वर असेल तर शक्यता चांगली. डेन्मार्कच्या डॉक्टरांना सेकंदाला 100 कंपनं आणि 2.5 मिलिमीटर हेलकावा सर्वांत उपयोगी आढळला. तेव्हा खोक्यावरचे 'दहा मोड' बघू नका, हेलकावा विचारा. बाजारातली बरीच यंत्रं नुसती गुणगुणतात!

इजा सहाव्या मणक्यापाशी किंवा वर असेल तर मात्र सांभाळा. रक्तदाब एकाएकी भडकू शकतो, जिवावर बेतू शकतं. डोकं ठणकलं, घाम फुटला, की यंत्र बंद आणि माणसाला उठवून बसवा. पहिली खेप डॉक्टरांसमोरच. बधिर कातडीला इजा कळत नाही, म्हणून नंतर डोळ्यांनी तपासा. आणि सिलिकॉनच्या यंत्राला वंगण पाण्याचंच.