पाट लागला, जमीन गेली

विधवेच्या दुसऱ्या संसाराचा इतिहास आपण पुण्यामुंबईपासून सुरू करतो: 1856 चा पुनर्विवाहाचा कायदा, आगरकरांचा ‘सुधारक’, 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी केलेला विवाह. या सुधारकांचे धैर्य मोठेच होते. पण आगरकर जन्मले ते कऱ्हाडजवळच्या टेंभूला, आणि त्याच कृष्णाकाठच्या कुणब्यांच्या घरांत नवरा गेलेल्या बाईने पाट लावणे, म्हणजे पुन्हा संसार थाटणे किंवा मोहतूर, ही जुनी रूढी होती. पेशवाईत सरकार पाटावर ‘पाटदाम’ नावाचा कर घेत असे. लपूनछपून चालणाऱ्या गोष्टीवर कर बसत नाही. ऑर्थर स्टील यांनी 1827 साली दख्खनच्या जातींचे रिवाज नोंदवले, त्यातही लग्न आणि पाट वेगवेगळे दाखवले आहेत. ब्राह्मणांत आणि कुळीचा अभिमान बाळगणाऱ्या मराठा घराण्यांत मात्र पाट निषिद्ध होता. माझे म्हणणे असे, की सातारा-सांगलीच्या कष्टकरी बाईची अडचण परवानगीची कमी आणि जमिनीची जास्त होती.

1856 च्या कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली, पण त्याच्याच दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढला. ज्या जातींत पाट पूर्वापार चालत होता, त्यांनाही हे लागू का? अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने नाही म्हटले. मुंबईच्या पूर्णपीठाने 1890 च्या दशकात विठू विरुद्ध गोविंदा या खटल्यात हक्क जातो असाच निर्णय दिला. सातारा-सांगलीतल्या वाळवा-तासगावकडे तेव्हा मुंबईचा निवाडा चाले. वाटणी होऊन वेगळ्या झालेल्या घरातली, मुलगा नसलेली बाई नवऱ्याची जमीन हयातभर कसू शके. पाट लावला की ती जमीन दिराच्या किंवा पुतण्याच्या नावावर जाई. अशा बाईने एकटेपण पत्करले, तर त्याला निव्वळ पातिव्रत्य म्हणणे अन्यायाचे आहे.

जमिनीचे असे; पण कोणी म्हणेल, पाटात प्रेम कुठे होते? तो बहुधा रात्री, मोजक्या माणसांत उरके. पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोचा मान नसे. पहिल्या घरची मुले अनेकदा मागे राहत. हे खरे आहे, आणि त्यातले दुःख झाकू नये. पण पहिले लग्न लागे ते तिला कळायच्या आधी. पाट लावणारी मात्र बहुधा संसार पाहिलेली, शेतात राबणारी बाई असे. तिच्या होकाराला काही वजन होते. माया त्या होकारानंतर जडली असेल किंवा नसेलही, पण जडायला वाव होता. दप्तरात कराची नोंद होते, मायेची होत नाही; नोंद नाही म्हणून ती नव्हतीच असे ठरवायचे, तर लग्नाच्या जोडप्यांतही ती सिद्ध करता येणार नाही.

जमिनीचे म्हणाल तर 1956 च्या वारसा कायद्याने विधवेला मिळालेला हिस्सा पूर्ण तिच्या मालकीचा झाला; नंतर लग्न केले तरी तो तिचाच राहतो. सांगलीला लागूनच असलेल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला, तो स्वागतार्हच. पण पुन्हा लग्न करू पाहणाऱ्या बाईपुढे हक्कसोडपत्र आजही ठेवले जाते, आणि ते नाकारायला तिला गावाची साथ लागते.