बोट मधेच का थांबते?

सुटीत हौसेने आणलेली रिमोटची बोट तळ्याच्या मध्यावर थांबते आणि चिरंजीव पाण्यात उतरायला निघतात! ही वेळ टाळता येते.

निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कला बिनतारी लहरींवर बोट चालवून दाखवली होती. आजचे बरेच रिमोट २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. या लहरी पाणी शोषून घेते. म्हणून बोटीतील रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या पातळीपेक्षा वर, उभी ठेवावी. ती कापू नये. रिमोटच्या अँटेनाचे टोक बोटीवर रोखू नये, कारण टोकाच्या दिशेने लहरी सर्वांत कमी जातात. रिमोट छातीशी उंच धरावा. ब्रशच्या मोटरच्या ठिणग्यांनी गडबड होत असेल, तर मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा. सेल ताजे असावेत.

बोट सोडण्याआधी ती एकाने काठावर धरावी. दुसऱ्याने रिमोट घेऊन दूर जात सुकाणू हलते का, ते पाहावे. सिग्नल तुटताच मोटर बंद करणारी ‘फेलसेफ’ सोय असल्यास तीही तपासावी.

तरीही बोट अडकलीच, तर वारा तिला काठाला आणेपर्यंत थांबा. बोट दुसरी आणता येते. मुलाला मात्र पाण्यात उतरू देऊ नका.