‘आपल्यासारखीच दिवाळी’ असं लिहिलं आणि फसले

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत काठमांडूला गेले होते. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पणत्या, रांगोळ्या, झेंडूच्या माळा बघितल्या आणि वहीत एका ओळीत उरकलं, ‘आपल्यासारखीच दिवाळी.’

दुसऱ्या दिवशी आपली नरक चतुर्दशी. बघते तर गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात माळा, कपाळावर टिळा! म्हटलं, असेल कुणी हौशी प्राणिप्रेमी. लॉजच्या मालकीणबाई हसल्या. “आज कुकुर तिहार. कावळ्यांचा दिवस काल होता.” म्हणजे पहिला दिवस माझ्या डोळ्यांदेखत गेला होता.

तिहारला यमपंचकही म्हणतात. त्रयोदशीला यमाचा दूत म्हणून कावळा पुजतात, चतुर्दशीला यमाच्या दाराचा राखणदार म्हणून कुत्रा. अमावास्येला गाय आणि रात्री लक्ष्मी. प्रतिपदेला गोवर्धनपूजा, नेवार घरांत त्याच दिवशी म्ह पूजा, म्हणजे स्वतःच्या देहाची पूजा. इ.स. 879 पासून मोजल्या जाणाऱ्या नेपाळ संवताचं नवं वर्षही तेव्हाच सुरू होतं. द्वितीयेला भाईटीका: बहीण भावाला सात रंगांचा टिळा लावते.

मग आपली दिवाळी आठवली. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून यमदीप लावतो, भाऊबीजेला यमद्वितीया म्हणतो. यम आपल्याही दिवाळीत आहे. पण सवयीमुळे तो मला कधी दिसलाच नव्हता.

संशोधनात याला कन्फर्मेशन बायस म्हणतात. जे आधीच माहीत आहे त्याला जुळणारं तेवढं टिपायचं, न जुळणाऱ्याला ‘अपवाद’ म्हणून सोडून द्यायचं. पणत्या मी मोजल्या, माळ घातलेल्या कुत्र्याला अपवाद ठरवलं.

परत आल्यावर लॅबची वही उघडली. तीन पानांवर ‘रंग नेहमीसारखा’ एवढंच लिहिलेलं. नेहमीसारखा म्हणजे कसा? मलाच सांगता येईना. ते प्रयोग पुन्हा करावे लागले, तीन आठवडे गेले.

तेव्हापासून वहीच्या पानाचे दोन भाग करते. डावीकडे जे दिसलं ते, उजवीकडे मला काय वाटलं ते. डावीकडे ‘नेहमीसारखं’, ‘आपल्यासारखं’ हे शब्द बंद. तुम्हीही या दिवाळीत स्वतःच्याच घरी हे करून बघा. पाहुणे म्हणून आलोय असं समजायचं आणि पाच दिवस फक्त डावा भाग भरायचा. रिसर्च मेथडॉलॉजीचा पहिला धडा तिथंच होईल.