घरांत घेतलेला कुत्रा

कुत्रा घरांत लघुशंका करतो म्हणून त्यास रात्रीं ओटीवर बांधावें, हा सल्ला पुण्याच्या पेठेंत खपून जाईल. जुन्नर-आंबेगांवकडे तो कुत्र्याच्या जिवावर बेततो. माणिकडोह, येडगांव, डिंभे या धरणांचें पाणी कालव्यांतून आलें, तसा तिकडे ऊंस वाढला आणि उंसांत बिबट्यानें बिऱ्हाड केलें. शेजारच्या अकोले तालुक्यांत बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी झाली. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत भक्ष्याच्या वजनापैकीं सुमारें ३९ टक्के वांटा कुत्र्यांचा निघाला. सांखळीनें बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यापुढें वाढलेलें ताटच; शिवाय त्याच्या मागें तें श्वापद मुलाबाळांच्या दारापर्यंत येतें. तेव्हां कुत्रा आंत घेणें प्राप्तच आहे.

मग पहाटे देवघराच्या वाटेवर ओघळ दिसतो आणि सोंवळ्यांतल्या आजी उंबऱ्यावरच थबकतात. अशा वेळीं कोणी रागानें कुत्र्याचें नाक त्या ओलींत घासतो. आमच्या मतें ही रीत दुष्ट आहेच, शिवाय निरुपयोगी आहे. मघांच्या कृत्याचा आणि आतांच्या शिक्षेचा संबंध त्या मुक्या जनावरास लागत नाहीं. माणसांदेखत करूं नये, एवढेंच तें शिकतें व पुढें कणगीमागची जागा शोधतें.

आजवर नीट वागणारा कुत्रा एकाएकीं बिघडला, वारंवार थोडी थोडी करूं लागला किंवा पाणी फार पिऊं लागला, तर आधीं पशुवैद्यास दाखवावा. मूत्रमार्गाचा दाह, मूतखडा, मधुमेह, कांहींहि असूं शकतें. वयस्क कुत्रीस तर कधीं झोपेंतच गळतें. तिला त्याचा पत्ताहि नसतो.

निरोगी कुत्र्यास वेळ लावावी लागते. दिवेलागणीच्या आधीं जेवण उरकून त्यास फिरवून आणावें. निजण्यापूर्वीं दोघां मोठ्या माणसांनीं विजेरी घेऊन, मोठ्यानें बोलत, अंगणापुरतेंच न्यावें. त्यानें बाहेर केलें कीं तेथल्या तेथें भाकरीचा तुकडा द्यावा. पाणी मात्र तोडूं नये. पिलास रात्रभर धीर निघत नाहीं. त्यासाठीं मोरी आहेच. त्याच्याच लघवीचा वास लागलेलें पोतें तेथें टाकलें, कीं कांहीं आठवड्यांत तें वाट ओळखतें. मोरी बाटते म्हणणाऱ्यांनीं देवघराची वाट आठवावी!

पुसण्याचें काम मुलांस सांगूं नये. कुत्र्याच्या मूत्रांतून लेप्टोस्पायरा नांवाचे रोगजंतु माणसांस बाधूं शकतात. हातमोजे घालावे. वास उरला तर कुत्रा पुन्हां तेथेंच येतो, म्हणून लघवीसारखाच वास येणारें अमोनियाचें औषध वापरूं नये. पाण्यांत शिरका मिसळून पुसल्यास वास कमी होतो, पण शहाबादी फरशीवर तो नको. ती चुनखडीची, शिरक्यानें खाल्ली जाते. तेथें बाजारांत मिळणारें एन्झाइमचें द्रावण बरें. सारवलेल्या जमिनीचा मात्र तेवढा पोपडा उकरूनच काढावा लागतो, आणि वर नवें सारवण.