नवऱ्याला काय सांगू?

लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण सरकारी दवाखान्यातल्या रंगीत पाकिटांची ओळख करून घेतली. अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते, त्याला हिरवं. गर्भाशयाच्या मुखाशी संसर्ग असेल तर राखाडी. ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं. गोळ्या पदरात पडल्या की काम झालं, असं वाटतं. पण बाई उठत नाही. खाली बघत विचारते, ‘‘नवऱ्याला काय सांगू?’’ याला कुठल्याच रंगाचं पाकीट नाही.

दिंडोरी तालुक्यात ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की विरळणी, डिपिंग, काढणी असं करत द्राक्षबागेतलं काम थेट उन्हाळ्याला भिडतं. पेठ-सुरगाण्याकडून जोडीनं आलेली माणसं बागेच्या कडेला झोपडी टाकून राहतात. धड आडोसा नाही, आणि असलं दुखणं बोलायला आई-बहीण जवळ नाही. दवाखान्यात गेलं की दिवसाची मजुरी बुडते, शिवाय ही कुठे गेली होती ते संध्याकाळपर्यंत अख्ख्या टोळीला कळतं. बागायतदाराघरच्या सुनेचं बरं असतं म्हणावं, तर तिला गाडी मिळते, पण गाडीत शेजारी सासूही असते.

ही घुसमट जुनीच. गडचिरोलीतल्या दोन गावांत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के. हा आकडा आपल्याकडे सगळे सांगतात. गोव्यातल्या अभ्यासाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथे सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. अंगावरून जाण्याची तक्रार आणि तपासणीत सापडलेला जंतुसंसर्ग यांचा मेळ फारसा बसला नाही. ती तक्रार जास्त जुळली चिंतेशी आणि उदासीशी. यावरून ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणत बाईला वाटेला लावणाऱ्या डॉक्टरला तो अभ्यास कळलेलाच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्रास खराच असतो. तो सांगायला तिच्याकडे एवढीच एक वाट असते.

म्हणून समुपदेशकाला दोन्हींकडे कान द्यावा लागतो. आधी सोबतच्या माणसाला बाहेर बसवायचं, दार लोटायचं आणि इथलं बोलणं इथेच राहील हे सांगायचं. मग तिला बोलू द्यायचं. ‘‘संबंध कुणाशी आले?’’ हा पहिला प्रश्न झाला, तर ती पुन्हा यायची नाही. ‘‘कधीपासून त्रास आहे? झोप लागते का? घरी कुणाला माहीत आहे?’’ असं विचारलं की ती हळूहळू मोकळी होते. काही जणी नुसत्या रडतात. तेवढा वेळ गप्प बसता यायला हवं. रांग मोठी असते तेव्हा हेच सगळ्यात अवघड जातं.

त्यानंतर माहिती, तीही तिच्या भीतीच्या क्रमानं. पांढरं जाणं म्हणजे दर वेळी नवऱ्याकडून आलेला रोग नव्हे. बुरशीमुळे होणारी खाज किंवा योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडून येणारा वास यात बाहेरख्यालीपणाचा प्रश्नच नसतो, आणि नवऱ्याला दर वेळी औषधही लागत नाही. राखाडी पाकिटाची गोष्ट वेगळी. तिथे त्याला काही त्रास नसला तरी दोघांनी एकदमच औषध घ्यायचं, नाहीतर संसर्ग पुन्हा उलटतो. औषध पुरं होईपर्यंत संबंध टाळायचे, निदान निरोध वापरायचा. क्लॅमिडियासारखा जंतू काही लक्षण न दाखवता महिनोन् महिने अंगात राहू शकतो. त्यामुळे आज सापडला म्हणजे कालपरवाच कुणाचं पाऊल वाकडं पडलं, असा हिशेब मांडता येत नाही. हे एक वाक्य नीट कळलं की बाईच्या खांद्यावरचं निम्मं ओझं उतरतं. नागीण प्रकारातल्या व्रणांबद्दल खरं तेच सांगावं: औषधानं त्रास आटोक्यात येतो, पण विषाणू अंगातून जात नाही. खोटा दिलासा दिला की व्रण पुन्हा उठतात आणि बाई स्वतःलाच दोष देत बसते.

आता नवऱ्याला सांगायचं कसं? ते वाक्य तिच्याकडून तिथेच दोन-तीनदा बोलून घ्यायचं. ‘‘डॉक्टर म्हणाले, दोघांनी औषध घेतलं तरच उपयोग होईल, तुम्हीही चला.’’ यात आरोप नाही, कबुलीही नाही. पण घरात मारहाण होत असेल तर घाई नको. एचआयव्हीबाबत तर २०१७च्या कायद्यातच तशी तरतूद आहे. सांगितल्यानं बाईला मारहाण होण्याची किंवा घराबाहेर काढलं जाण्याची रास्त भीती असेल, तर आरोग्यसेवकानं जोडीदाराला परस्पर कळवायचं नाही. हा कायदा एचआयव्हीपुरता आहे, पण तीच सावधगिरी इतर संसर्गांतही बाळगायला काय हरकत आहे?

एका बैठकीत हे सगळं उरकत नाही. गोळ्या संपल्यावर पुन्हा बोलवायचं, आणि बोलवताना बाजाराचा दिवस द्यायचा, म्हणजे घराबाहेर पडायला तिला कारण शोधावं लागत नाही. झोप उडालेलीच असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर मानसोपचाराकडे पाठवावं लागतं. ‘टेली मानस’चा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं. हातातला फोन नवऱ्याचा असेल, तर आशाताईच्या फोनवरून लावता येतो. मात्र आशाताई त्याच गावची, कधी कधी त्याच भावकीतली असते. तेव्हा तिला किती सांगायचं, हे बाईलाच ठरवू द्यावं.

(पुढील लेखांक : गरोदरपणातली सिफिलिसची तपासणी)