जुना कोश आणि नवा लेख



मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाविषयी बोलावे यात थोडे धारिष्ट आहेच. निमित्त मात्र घरचे. याच आदिलाबादेत शिकलेल्या माझ्या नातवाचा पदव्युत्तर प्रकल्प त्याच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चालेना. पडद्यावर एकच तक्रार : 'जीलिबसी २.२८' सापडत नाही. यंत्र धडधाकट, प्रोग्रॅम निर्दोष, आणि प्रबंध सादर करण्यास पंधरा दिवस उरलेले.

वैज्ञानिक प्रोग्रॅम सारे गणित स्वतः करीत नाही. नम्पाय, सायपाय अशा तयार लायब्रऱ्यांवर तो विसंबतो. (येथे लायब्ररीला ग्रंथालय म्हणणे हा भाषांतराचा दोष होय, तो गणनविधींचा संच आहे.) या लायब्रऱ्या पुन्हा ऑपरेटिंग सिस्टीमच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या, मूळ लायब्ररीवर उभ्या असतात. लिनक्सच्या बहुतेक प्रकारांत ती म्हणजे जीलिबसी. प्रयोगशाळेत होती २०१४ सालची सेंटओएस ७. तिच्यात जीलिबसी २.१७. तिच्या सुरक्षा-दुरुस्त्याही ३० जून २०२४ रोजी थांबल्या होत्या.

मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. तीत 'दूरध्वनी' शोधणारा रित्या हाताने परतेल. उलट, जुने शब्द सांभाळणाऱ्या आजच्या मोठ्या कोशाच्या आधारे जुना लेखही वाचता येतो. जीलिबसीची रीत हीच. नवी आवृत्ती जुनी नावे सहसा टाकीत नाही. म्हणून जुन्या पायावर बांधलेला प्रोग्रॅम नव्यावर बहुधा चालतो, नव्यावर बांधलेला मात्र जुन्यावर अडतो. आवृत्तीचा अंक दशांश मानू नये : २.९ ही २.१७ पेक्षा जुनी आहे.

मग सर्वांत नवी कार्यप्रणाली घ्यावी काय? तसेही नाही. वरच्या मजल्यावर हे सौजन्य नसते. ऑक्टोबर २०२३ च्या पायथन ३.१२ मधून 'डिस्टयुटिल्स' हा जुना भाग वगळला गेला. जून २०२४ च्या नम्पाय २.० मुळे आधीच्या नम्पायसाठी बांधलेल्या कित्येक लायब्रऱ्या पुन्हा बांधाव्या लागल्या.

पुणे जिल्ह्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिच्या नोंदींच्या विश्लेषणासाठी 'कासा' हे सॉफ्टवेअरही वापरले जाते. कासाची कोणती आवृत्ती कोणत्या पायथनवर व कोणत्या कार्यप्रणालीवर पारखलेली आहे, याचा तक्ता तिचे कर्तेच प्रसिद्ध करतात. निवडीचा क्रम असाच हवा : आधी सॉफ्टवेअर, मग पायथन, शेवटी कार्यप्रणाली. आपण संगणक विकत घेतो, त्यावर जे असेल ते स्वीकारतो आणि मग सॉफ्टवेअरला दोष देतो. शाळेला संगणक देऊ इच्छिणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

नातवाला एका मित्राने जीलिबसी तेवढी हाताने बदलण्याचा सल्ला दिला होता. तो त्याने मानला नाही हे बरे. तो पाया निखळला की साध्यातली साधी आज्ञाही चालेनाशी होते. त्याने घरच्या संगणकावर उबुंटू २२.०४ बसवली : जीलिबसी २.३५, पायथन ३.१०. लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या एका कागदावर लिहून भिंतीला लावल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे आकडे येऊ लागले, आणि प्रबंधाला अजून अकरा दिवस होते.